‘जर्नी टू द वेस्ट’: कुठली आवृत्ती घ्यावी, आणि कव्हरवरच्या लेखकाचे काय

चिनी नाव ‘शी-यौ ची’, इंग्रजीत ‘जर्नी टू द वेस्ट’ किंवा नुसतेच ‘मंकी’. दगडातून जन्मलेले माकड, पोथ्या आणायला भारताकडे निघालेला भिक्षू, खादाड डुक्कर, नदीतला राक्षस आणि घोडा होऊन भिक्षूला पाठीवर वाहणारा नागराजाचा मुलगा. शंभर अध्याय. इंग्रजीतून वाचायला निघालेल्या माणसासमोर मुख्यतः चार अनुवाद येतात: आर्थर वेली (1942), डब्ल्यू. जे. एफ. जेनर (1982 ते 1986), अँथनी यू (1977 ते 1983, सुधारित आवृत्ती 2012) आणि जूलिया लव्हेल (2021).

यातल्या तिघांच्या कव्हरवर लेखक म्हणून वू छंग-अन हे नाव आहे. यूंच्या चार खंडांच्या कव्हरवर मात्र लेखकच नाही. फक्त ‘अनुवाद आणि संपादन’ म्हणून यूंचे नाव. हे विसरून राहिलेले नाही, जाणूनबुजून केलेले आहे. आवृत्ती निवडताना हीच पहिली खूण धरावी. जे पुस्तक लेखकाबद्दल प्रामाणिक आहे, ते मजकुराबद्दलही प्रामाणिक असते, हे या चार आवृत्त्या शेजारी ठेवून वाचल्या की पटते.

आधी त्या नावाचे पाहू. हातात असलेली सर्वांत जुनी शंभर अध्यायांची छापील प्रत 1592 ची, नानजिंगच्या शदथांग या छापखान्याची. तिच्यावर लेखकाचे नाव नाही. तपासून देणाऱ्याचे टोपणनाव आहे आणि छन युआन-च नावाच्या माणसाची प्रस्तावना आहे. पण पुस्तक कुणी लिहिले हे त्या प्रस्तावनेतूनही हाती लागत नाही. पुढे सतराव्या शतकात एका आवृत्तीने हे पुस्तक छ्यौ छू-ची या ताओपंथी साधूच्या नावावर चढवले. कारण साधे होते. चंगीझ खानाच्या भेटीला गेलेल्या या साधूच्या प्रवासाचे वर्णन त्याच्या शिष्याने लिहिले होते आणि त्याचेही नाव ‘शी-यौ ची’च होते. नाव एक, पुस्तके दोन. ही गल्लत पुढे बराच काळ टिकली.

वू छंग-अनचे नाव आले ते त्याच्या गावच्या नोंदीतून. ह्वाय-आन हे आजच्या च्यांगसू प्रांतातले, मोठ्या कालव्याच्या काठचे शहर. तिथल्या सतराव्या शतकाच्या आरंभीच्या जिल्हा-इतिहासात या माणसाच्या लेखनाची यादी आहे आणि तिच्यात ‘शी-यौ ची’ असा उल्लेख आहे. अठराव्या शतकात त्याच गावच्या वू यू-चिन या अभ्यासकाने तो उल्लेख आणि पुस्तकातली ह्वाय-आनकडची बोली यांची सांगड घालून हा लेखक पुढे आणला. 1920 च्या दशकात हू शि आणि लू शुन या चिनी विद्वानांनी ते मत उचलून धरले आणि तेव्हापासून नाव कव्हरवर जाऊन बसले.

अडचण ही की त्या नोंदीत अध्याय किती, कादंबरी की प्रवासवर्णन, काहीच सांगितलेले नाही. दुसऱ्या एका जुन्या ग्रंथसूचीत तर वू छंग-अनचे ‘शी-यौ ची’ भूगोलाच्या विभागात टाकलेले आहे. म्हणजे तिसरेच पुस्तक असण्याची शक्यता उरते. त्याच्या मरणानंतर नातलगाने गोळा केलेले त्याचे गद्य-पद्य चार भागांत आजही उपलब्ध आहे आणि त्यात या कादंबरीचा चकार शब्द नाही. ह्वाय-आनजवळ 1970 च्या दशकात त्याची कबर सापडली. शवपेटीच्या फळीवर एका राजपुत्राच्या पदरी असलेल्या त्याच्या हुद्द्याचा उल्लेख मिळाला. त्यातून माणूस पक्का झाला, पुस्तक नाही.

तरी या माणसाकडे पाहिले की जीव तिथेच ओढ घेतो. जन्म 1500 च्या आसपास, मृत्यू 1582 च्या आसपास. बाप छोटा व्यापारी, रंगीत दोरे आणि फिती विकणारा. मुलगा हुशार, पण सरकारी परीक्षांत पुन्हा पुन्हा नापास. साठीच्या आसपास छांग-शिंग जिल्ह्यात दुय्यम अधिकाऱ्याची जागा मिळाली, तीही फार काळ टिकली नाही. त्याने अद्भुत कथांचा एक संग्रह लिहिला होता. संग्रह हरवला, प्रस्तावना उरली. तिच्यात तो सांगतो की लहानपणी त्याला भुताखेतांच्या गोष्टींचे वेड होते. बाजारातून असली पुस्तके चोरून आणायची आणि वडील-गुरुजी ओरडतील म्हणून आडोशाला जाऊन वाचायची. अर्लांग देव डोंगर धुंडाळून राक्षसांना हुसकून काढतो अशा एका चित्रावर त्याची दीर्घ कविताही आहे, आणि हा अर्लांग तर कादंबरीच्या सहाव्या अध्यायात माकडाशी झुंजणारा मोठा योद्धा. परीक्षेत हरलेला, हसऱ्या स्वभावाचा, राक्षसांवर जीव असलेला ह्वाय-आनचा माणूस: वर्णन जुळते. पण जुळणे हा पुरावा नाही. ‘बहुधा हाच’ एवढेच म्हणता येते, आणि ‘बहुधा’ हा शब्द गाळणाऱ्या मलपृष्ठावर भरवसा ठेवू नये.

शिवाय लेखक म्हणजे काय, हा प्रश्नही इथे आपल्याला वाटतो तसा सरळ नाही. गोष्ट 1592 च्या किती तरी आधीची. सुंग काळातल्या एका छोट्या कथापुस्तकात माकड भिक्षूसोबत आलेले आहे. पुढे चोवीस अंकांचे एक नाटक आहे. पेडण्याकडे दशावतार पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावायला नको. आख्यान सर्वांचे, राजा कधी येणार, राक्षस कधी मरणार हे ठरलेले, आणि संवाद त्या रात्री उभ्या असलेल्या नटाच्या तोंडचे. आता समजा, पिढ्यान्पिढ्या असे रंगलेले आख्यान एका जबर लेखकाने शंभर अध्यायांत बांधले आणि नाव लिहिले नाही. ‘शी-यौ ची’चा लेखक असा आहे.

आता एकेक आवृत्ती.

यू, चार खंड, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो प्रेस. संपूर्ण शंभर अध्याय, प्रत्येक खंडात पंचवीस: 1 ते 25, 26 ते 50, 51 ते 75, 76 ते 100. चारही मिळून दोन हजार पानांच्या घरात. पहिला खंड सर्वांत जाड, कारण त्याच्या तोंडाला शंभरेक पानांची प्रस्तावना आहे आणि लेखकाचा प्रश्न तिच्यात दोन्ही बाजूंनी मांडला आहे. वर दिलेल्या पुराव्यांपैकी बहुतेक तिथे संदर्भासह मिळतात. एकच खंड घ्यायचा तर हा पहिला घ्यावा. कवितांची गाळणी नाही. देखावे, लढाया, राक्षसांच्या गुहा, सगळे श्लोक पद्यातच आणले आहेत. अध्यायांच्या नावांत माकडाला ‘मन-माकड’ म्हटलेले असते, माकड धातू आणि डुक्कर लाकूड अशी ताओपंथी किमयेची परिभाषा येते, तेव्हा टिपा लागतातच. टिपा खंडाच्या शेवटी आहेत, म्हणून दोन खुणा ठेवाव्या लागतात, एक अध्यायात आणि एक टिपांत. मनाला माकड म्हणायची मराठी माणसाला सवय आहे. माकडाच्या वू-खुंग या नावातला ‘खुंग’ म्हणजे शून्य, हेही एकदा टीप वाचली की विसरत नाही.

नवव्या अध्यायाकडे लक्ष द्यावे. भिक्षूच्या बापाला नावाडी मारतो, आई तान्ह्या मुलाला फळीवर बांधून नदीत सोडते, ही कर्णाची आठवण करून देणारी कथा 1592 च्या प्रतीत नाही. ती नंतरच्या छपाईतून आलेली आहे. यू ती घेतात आणि कुठून घेतली ते सांगतात. वेलीही घेतात. एकाच लेखकाने सगळे लिहिले असे मानून वाचणाऱ्याला इथे पहिला धक्का बसायला हवा.

खरेदीत चूक होते ती इथे: जुन्या आणि सुधारित आवृत्तीचे खंड एकमेकांत मिसळतात. 1977 ते 1983 च्या खंडांत नावांची जुनी रोमन पद्धत, वेड-जाइल्स. 2012 च्या खंडांत आजची रोमन पद्धत, पिनयिन. पहिला खंड नवा आणि तिसरा जुना आला, की तीच पात्रे दुसऱ्या स्पेलिंगने भेटतात आणि सूचीचा उपयोग उरत नाही. ऑर्डर देताना कव्हरच्या फोटोवर ‘रिव्हाइज्ड एडिशन’ हे शब्द आणि खंडाचा आकडा, दोन्ही पाहावेत. विक्रेत्याच्या वर्णनावर विसंबू नये, कारण चारही खंडांचे शीर्षक एकच असल्याने वर्णनात आकडा हमखास गळतो.

वेली, ‘मंकी’, पेंग्विन क्लासिक्समध्ये मिळते. साडेतीनशे पानांच्या आसपास. शंभरपैकी फक्त तीस अध्याय: 1 ते 15, 18, 19, 22, 37 ते 39, 44 ते 49 आणि 98 ते 100. इंग्रजी आजही ताजे आहे, विनोद बरोबर ठिकाणी पडतो, माकडाचा उद्धटपणा झकास उतरला आहे. कविता जवळपास सगळ्या काढलेल्या. कीर्तनात आख्यान ठेवून अभंग वगळावेत तसे झाले आहे: गोष्ट पळते, पण थांबून मान डोलवायची जागा राहत नाही. पांढऱ्या हाडांची राक्षसीण (27), लाल पोर (40 ते 42), बायकांचे राज्य (53 ते 55), खोटे माकड (57, 58), ज्वालांचा डोंगर आणि केळीच्या पानाचा पंखा (59 ते 61) यांतले काहीही इथे नाही. वेली आधीच घरात असेल आणि सगळा संच परवडत नसेल, तर वरचा यूंचा तिसरा खंड जोडावा. 51 ते 75 मधला सर्वांत रंगतदार पट्टा त्याच एका खंडात येतो.

वेलींच्याच बाबतीत आणखी एक सापळा आहे. छ्यौ छू-चीच्या त्या दुसऱ्या ‘शी-यौ ची’चा इंग्रजी अनुवादही त्यांनीच केला आहे, 1931 साली, ‘द ट्रॅव्हल्स ऑफ ॲन अल्केमिस्ट’ या नावाने. जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात हे हाती लागले तर जरूर घ्यावे. पण त्यात माकड शोधू नये.

जेनर, फॉरेन लँग्वेजेस प्रेस, पेइचिंग. मूळ तीन खंड, नंतरच्या छपाया चार खंडांत. हेही संपूर्ण. भाषा सरळ, पिनयिन पद्धत, वाचायला यूंपेक्षा हलके. टिपा जवळपास नाहीत आणि लेखकाचे नाव निःशंकपणे छापलेले. ज्याला शंभर अध्याय गोष्ट म्हणून सलग वाचायचे आहेत, पाठीमागे जाऊन टीप पाहायचा कंटाळा आहे, त्याच्यासाठी हे चांगले. ज्याला ‘हे कुणी लिहिले’ हा प्रश्न पडला आहे, त्याला इथे उत्तर नाही, आणि प्रश्न आहे हेही कळत नाही.

लव्हेल, ‘मंकी किंग’, पेंग्विन, एक खंड, संक्षिप्त. आजचे बोलते इंग्रजी. आठवी-नववीपासूनच्या मुलांना द्यायला वेलींपेक्षा हे बरे. अभ्यासासाठी पुरे पडणार नाही, आणि तसा तिचा आवही नाही.

नावांच्या उच्चारांत मराठी वाचक इंग्रजी वाचकाच्या पुढे आहे, याचा फायदा घ्यावा. चिनीत च आणि छ वेगळे, प आणि फ वेगळे, त आणि थ वेगळे. इंग्रजीला हा फरक नीट ऐकूही येत नाही. आपल्याकडे ‘चंद्र’मधला च आणि ‘चाक’मधला च असे दोन च आहेत, आणि तो दुसरा चिनीतही आहे. भिक्षूचे नाव श्वेन-चांग म्हणायचे ते ‘चाक’मधल्या चने, शाळेच्या इतिहासातल्या ‘ह्युएन त्संग’मधले त्स म्हणजे तोच आवाज पकडायची धडपड. कादंबरीतला भिक्षू या खऱ्या श्वेन-चांगवरून घेतलेला आहे, मात्र फरक मोठा. खरा 602 ते 664 या काळातला, बंदी मोडून गुपचूप निघालेला. तो 645 साली 657 ग्रंथ घेऊन परतला. पुलकेशी दुसऱ्याच्या राज्यात, महाराष्ट्रात, तो येऊन गेला आणि इथल्या लोकांचा मानीपणा त्याने नोंदवून ठेवला. कादंबरीतला भिक्षू सम्राटाचा मानलेला भाऊ, घाबरट आणि सतत रडणारा. त्याच्या खऱ्या प्रवासवर्णनाचे इंग्रजी नावही ‘वेस्टर्न रीजन्स’ असे पश्चिमेचेच असल्याने कादंबरी मागवताना ते घरी येऊ शकते.

ऑनलाइन किंवा ग्रंथालयाच्या सूचीत लेखकाचे नाव शोधताना घोटाळा होतो तो अपॉस्ट्रॉफीचा. जुन्या पद्धतीत ही खूण सी-एच नंतर येते आणि ‘हा च नाही, छ आहे’ असे सांगते. पिनयिनमध्ये तीच खूण ‘छंग’ आणि ‘अन’ यांच्या मध्ये येते आणि ‘इथे अक्षर तोडा’ असे सांगते. खूण एक, जागा वेगळी, काम वेगळे, म्हणून संगणकाला ही दोन माणसे वाटतात. खूण आणि आडवी रेघ, दोन्ही काढून, नुसते आडनाव आणि अनुवादकाचे नाव असे शोधावे. तरी नाही मिळाले तर पुस्तकाच्या नावाने, आणि शेवटी अनुवादकाच्या नावाने. पणजीत पाटोला असलेल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात, किंवा मडगाव-फोंड्याच्या दुकानदाराला सांगून मागवतानाही, चिठ्ठीवर ‘अनुवादक: यू, सुधारित, खंड 1’ असे लिहून द्यावे. लेखकाच्या नावाने मागवलेले पुस्तक बहुतेक वेळा मुलांची चित्रमय आवृत्ती निघते.

त्या ग्रंथालयाला नाव आहे ते केळशीच्या कृष्णदास शामाचे. 1526 मध्ये मराठी ओवीत कृष्णकथा लिहिणारा हा गोमंतकीय वू छंग-अनचा समकालीन. त्याच्याही आयुष्याबद्दल हाती फारसे काही नाही. दोघांना जोडणारा एक धागा कादंबरीतच आहे. माकडाशी चौथ्या अध्यायात झुंजणारा बालवीर नेझा हा मुळात आपला नलकूबर, कुबेराचा मुलगा; संस्कृत नाव चिनीत जाता जाता घासले गेले. हातावर मनोरा घेतलेला त्याचा बाप हे वैश्रवणाचे, म्हणजे कुबेराचेच, रूप. भागवताच्या दशम स्कंधात उखळाला बांधलेला कृष्ण यमलार्जुन पाडून ज्याला शापातून सोडवतो, तो हाच नलकूबर. माकड आपल्या मारुतीवरून आले का, यावर हू शि आणि लू शुन यांचे जुळले नाही. हू शिंना मारुतीची शक्यता वाटली, लू शुन यांनी ह्वाय नदीतल्या एका चिनी जलवानराकडे बोट दाखवले. नलकूबराबाबत मात्र वाद नाही. यूंच्या टिपा वाचताना असे ओळखीचे चेहरे दिसत जातात, आणि त्यासाठीच वरचे पैसे मोजावेत.

वाचनाची सोय पोथीसारखी करावी. प्रत्येक अध्याय ‘पुढे काय झाले ते पुढच्या अध्यायात ऐका’ अशा धर्तीवर संपतो. तो एका बैठकीसाठीच घडवलेला आहे. एक अध्याय साधारण पंधरा ते वीस पाने, म्हणजे पाऊण तास. आषाढी एकादशीला सुरुवात केली तर कार्तिकीपर्यंत 118 दिवस मिळतात. शंभर अध्याय आणि वर चवथीच्या धावपळीला अठरा दिवस मोकळे. अधिक महिना आला तर आणखी सवड. 1 ते 7 सलग वाचावेत, ते माकडाचे चरित्र आहे. 8 ते 12 संथ आहेत. तिथे बरेच वाचक थांबतात. थांबू नये, तेराव्यापासून वाट सुरू होते. तिसाव्या अध्यायानंतर संकटांचा साचा कळतो आणि कंटाळ्याचा धोका असतो; त्या वेळी कथेपेक्षा डुकराचे संवाद मोठ्याने वाचावेत.

चातुर्मास म्हणजे इथला पावसाळा, म्हणून शेवटी कागदाची गोष्ट. यूंचे खंड जाड, कव्हर साधे. दमट हवेत कव्हर बाहेरच्या बाजूला वळते आणि पाठीचा गोंद सैल होतो. पहिला खंड अर्ध्यावर उपडा ठेवू नये, पाठ तिथेच मोडते. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटलेले असेल तर चार बोटे पुढे ओढावे, खंड दाटीने न लावता हवा खेळेल इतकी फट ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधले की ओल आतच कोंडते आणि बुरशी लवकर धरते. त्यापेक्षा सुती कापड आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्यांतले खडे रंग बदलणारे घेतले तर त्या कधी बदलायच्या ते दिसते. कव्हरवर पांढरी बुरशी दिसली तर ओले फडके लावू नये. कोरड्या मऊ कापडाने, घराबाहेर, पुसून सावलीत वाऱ्याला ठेवावे. उन्हात ठेवलेल्या खंडाचा गोंद कडक होऊन पाने सुटतात. कसर लागते ती बहुधा पाठीच्या गोंदातून, तेव्हा महिन्यातून एकदा खंड काढून पाठ पाहावी. पहिल्या खंडातली प्रस्तावना पुन्हा पुन्हा उघडली जात असल्याने त्याची पाठ आधी जाते. तो एक खंड बाइंडरकडून कापडी पुठ्ठ्यात बांधून घ्यावा आणि बाकीचे तीन तसेच राहू द्यावेत.